रुबार्बच्या वड्यांविषयी, साक्षीपुराव्यासह

‘श्रीधरकाकांना यार्डातले काम झेपले नाही. बाबा बोटीवर निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी बेकरीतून रुबार्ब नावाच्या कसल्याशा विलायती देठांच्या वड्या भाजून आणल्या. त्या इतक्या आंबट होत्या की बाबांनी केवळ दयेपोटी एक खाल्ली, हात टेकले आणि “कर बाबा तुला हवे ते” म्हणून काकांना मोकळे सोडले. उरलेल्या वड्या आईने दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या चूटमध्ये टाकल्या. आमच्या घराण्यातल्या पहिल्या बेकरचा जन्म हा असा झाला.’

हा उतारा आमच्या सिंगापूरच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात, चांगल्या गुळगुळीत कागदावर, छायाचित्रासह छापून आला आहे. लेखिका माझी सख्खी पुतणी मृणाल. ती रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, दिवसभर दुसऱ्यांची कागदपत्रे तपासते, आणि घरच्या इतिहासाची पाळी आली तेव्हा मात्र तिला एकही कागद तपासावासा वाटला नाही. पाच वाक्ये आहेत. त्यांत चार असत्ये आहेत. पाचव्या वाक्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण त्यात मला घराण्यातला पहिला म्हटले आहे, आणि तो मी आहेच. त्या चार असत्यांचा समाचार मी माझ्या आत्मचरित्राच्या या प्रकरणात घेणार आहे. माझी नात म्हणते, ‘आजोबा, सो लाँग अगो ऑलरेडी. लेट इट गो लाह.’ तिला मी सांगितले की ज्या माणसाने चाळीस वर्षे भट्टीसमोर उभे राहून काढली, त्याला सोडून देण्याचा सल्ला देऊ नये. सोडून दिलेली गोष्ट भट्टीत करपते.

प्रथम साक्षीदाराविषयी. ज्या दिवसाचे वर्णन मृणाल इतक्या ठामपणे करते, त्या दिवशी ती चार वर्षांची होती आणि संपूर्ण प्रसंगभर जेवणाच्या टेबलाखाली बसलेली होती. टेबलाखालून माणसाचे गुडघे दिसतात; दया दिसत नाही.

आम्ही तेव्हा क्लेमेंटीला राहत होतो. इमारती इतक्या नव्या होत्या की जिन्यात ओल्या चुन्याचा वास यायचा, आणि झाडे काठ्यांना बांधलेली असायची. आमचा फ्लॅट सातव्या मजल्यावर होता. लिफ्ट मात्र पाचव्यावर आणि नवव्यावरच थांबत असे, त्यामुळे घरी यायचे म्हणजे दोन मजले चढायचे किंवा दोन उतरायचे, हा निर्णय रोज घ्यावा लागे. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, मालवाहू बोटीवर सेकंड इंजिनिअर होता. तो वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर असे, आणि घरात असला तरी जेवताना समुद्रावरच असे. टाकीत तेल भरावे तसा तो जेवायचा: ठरलेले भरले की झाकण बंद. दोन पोळ्या, एक वाटी आमटी, भाताचा एक ढीग, आणि मग डावा पंजा ताटावर आडवा. तो पंजा एकदा आडवा झाला की साक्षात माझी आई चिपळूणहून येऊन वाढू लागली असती तरी हलला नसता. शिवाय त्याला पित्त होते. आंबट पदार्थ तो दुरून ओळखायचा आणि ताटाच्या कडेला सारायचा. वहिनी आमसुलाचे सार करीत, ते त्या, मी आणि मृणाल पीत असू. दादासमोर वाटी ठेवलीच जात नसे. वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे.

वहिनींचे घर आवाजांनी ओळखू यायचे. सकाळी कुकरच्या शिट्ट्या, मग मिक्सर नसल्याने पाट्यावरचे घासणे, त्यावर शेजारच्या मलाय घरातल्या मसाल्याच्या फोडणीची चुरचुर, आणि या सगळ्यांच्या खालून, अगदी तळमजल्यावरून, बेकरीतल्या पत्र्यांचा खणखणाट. तो खणखणाट ऐकला की माझे लक्ष चहात राहत नसे. पाव बाहेर निघाल्याचा तो आवाज होता. त्यानंतर बरोबर तेवढ्याच वेळाने, जितका वेळ वास जिन्याने सात मजले चढायला घेतो, भाजलेल्या पिठाचा वास आमच्या दारात येई.

दादाने मला बारावीनंतर इकडे आणले ते जुराँगच्या एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात उमेदवारीला लावण्यासाठी. बेत सरळ होता: तीन वर्षे यार्ड, मग परीक्षा, मग बोट. आता पहिले असत्य. ‘काम झेपले नाही.’ लोखंडाचा ओबडधोबड ठोकळा कानशीने घासून चारही बाजूंनी काटकोनात आणायचा ही आमची पहिली चाचणी होती, आणि काटकोन तपासायचा गुण्या लावला तेव्हा माझ्या ठोकळ्याखालून उजेड आला नाही. माझ्याबरोबरच्या सहांपैकी चौघांच्या ठोकळ्याखालून उजेड काय, वारा वाहत होता. काम मला झेपत होते. काम मला आवडत नव्हते. या दोन वाक्यांतला फरक ज्याला कळत नाही त्याने आत्मचरित्रे वाचू नयेत आणि दिवाळी अंकात तर मुळीच लिहू नये.

मला आवडत होती ती फू अंकलची बेकरी. फू अंकल चीनच्या हाइनान बेटाकडचे. तरुणपणी एका इंग्रज कुटुंबाकडे स्वयंपाकी होते आणि तिथेच ओव्हन शिकले होते. बुटके, टक्कल असलेले, कायम बनियनवर, आणि बोलणे असे तोडून तोडून की जणू प्रत्येक शब्द तव्यावरून उतरवत आहेत. मी पाव आणायला जात असे; मग पाव आणायला गेलेला मी पत्रे उचलायला थांबू लागलो; मग यार्डाची बस येईपर्यंतचा वेळ तिथेच जाऊ लागला. एकदा त्यांनी माझा हात धरून स्वतःच्या गालाला लावला आणि म्हणाले, ‘कोल्ड हँड. व्हेरी गुड. मी, हॉट हँड, बटर ऑलवेज क्राय.’ आयुष्यात माझ्या हातांची कोणी स्तुती करण्याची ती पहिली वेळ. मी ते दिवसभर मनात घोळवले आणि यार्डात एका बोल्टाचा आटा बिघडवला.

दादा सुटीवर आला तेव्हा हे सगळे त्याच्या कानावर गेले. यार्डातला फोरमन नागपूरकडचा होता. त्याने सांगितले, ‘मुलगा हुशार आहे, पण येतो तेव्हा भुवयांवर पीठ असतं.’ दादा ओरडला नाही. तो कधीच ओरडत नसे. इंजिनरूममध्ये ओरडून काही ऐकू जात नाही म्हणून ती सवयच नव्हती. बोटीवर जाण्याच्या तीन दिवस आधी त्याने मला समोर बसवले.

‘श्री, खरं सांग. यार्ड सोडायचंय?’

‘हो.’

‘आणि करणार काय? पाव?’

‘पाव, केक, बिस्किटं. सगळंच.’

‘तुझा इथे काम करायचा परवाना यार्डाच्या नावावर आहे. यार्ड सुटलं की तो संपला. रविवारी सकाळी मी जहाजावर जाणार. त्याआधी सांग, सोमवारी यार्डात जाणार की चिपळूणला?’

‘फू अंकल परवाना काढून देतो म्हणालेत.’

‘म्हणालेत,’ दादा म्हणाला. त्या एका शब्दात त्याने फू अंकल, त्यांची बेकरी आणि माझी अक्कल, तिन्ही एकदम गुंडाळून ठेवली. ‘मला म्हणण्यावर चालणारं काही नको. शनिवारपर्यंत वेळ आहे. तुला जे येतं ते दाखव. पाव नको दाखवू. पाव कुणालाही येतो.’

पाव कुणालाही येतो! आज इतक्या वर्षांनी हे वाक्य लिहितानाही माझा कान तापला. पण त्या वाक्यात एक दार होते आणि दार अर्धवट उघडे होते. मी त्या रात्री झोपलो की नाही हे आठवत नाही. सकाळी जिना मात्र तीन-तीन पायऱ्या घेत उतरलो हे पक्के आठवते.

आणि योग असा की शनिवारीच बेकरीत रुबार्ब यायचा होता. विद्यापीठाजवळच्या एका बंगल्यात न्यूझीलंडच्या बाई राहत. त्यांच्या देशाहून येणाऱ्या शीतगृहाच्या बोटीने त्यांना ही देठे मिळाली होती, आणि चारच्या चहाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी त्यांना माहेरच्यासारख्या वड्या हव्या होत्या: खाली दाबलेला थर, मध्ये रुबार्ब, वर भुगा. फू अंकलनी हा पदार्थ इंग्रजांकडे असताना केला होता, पण तेव्हा ते तरुण होते आणि त्या घरात थंडगार कोठार होते. आठवडाभर आधी त्यांनी रुबार्बाशिवाय नुसते थर दोनदा करून पाहिले आणि दोन्ही वेळा वरचा भुगा भट्टीत जाण्याआधीच लगदा झाला. ‘सिंगापूर टू हॉट,’ ते म्हणाले. ‘क्रंब बिकम ग्लू.’ मी त्याच सकाळी म्हणालो, ‘अंकल, मला करू द्या.’ त्यांनी माझ्याकडे पाहिले, माझ्या हातांकडे पाहिले, आणि म्हणाले, ‘यू स्पॉइल, यू गो बॅक टू शिप. यू डोन्ट स्पॉइल, मंडे आय गो मेक यूर परमिट.’ म्हणजे एका दुपारी दोन न्यायाधीश!

शनिवारी यार्ड अर्धा दिवस असे. साडेबाराला मी बेकरीत पोचलो तेव्हा टेबलावर ओल्या वर्तमानपत्रात ती जुडी पडलेली होती. मी रुबार्ब तोवर कधी पाहिला नव्हता. पाने आधीच तोडून टाकलेली, कारण ती विषारी. राहिली ती हातभर लांबीची देठे, लाल, कडेला हिरवट, उभ्या शिरांची. मी एक तुकडा मोडून चावला आणि माझे डोळे आपोआप मिटले. कच्चे बिंबले! चिपळूणला आमच्या परसात बिंबलीचे, बोटभर हिरव्या आंबट फळांचे, झाड होते. मीठ लावून खाल्लेल्या बिंबल्याने दात आंबतात, अगदी तसे ते आंबले. एवढ्या दूरच्या थंड देशातली वस्तू पहिल्याच घासात आपल्या परसात आणून सोडते, याचा मला इतका आनंद झाला की मी एकटाच मोठ्याने हसलो. आता हिच्याशी कसे वागायचे हे मला कळणार, असे वाटले. आणि तिथेच चुकलो.

कारण मला ती अळूची देठे वाटली. देठीसाठी अळूची देठे सोलायची असतात: टोकाशी नख लावायचे आणि साल खालपर्यंत ओढायची. आमच्या घरात ते काम माझे असे. फू अंकल वर घरी जेवायला गेले होते. मी स्टुलावर बसलो आणि जन्मभराच्या सवयीने, मोठ्या उत्साहाने, सबंध जुडी सोलून काढली. किती सुरेख साली निघत होत्या! लांब, लाल, फितीसारख्या. मी गुणगुणत होतो. देठांचे तुकडे केले, साखर लावली, आणि मगच माझे परातीकडे नीट लक्ष गेले. परातीत फिकट हिरवे, दुधी भोपळ्यासारखे तुकडे होते. लाल जे होते ते सगळे पायाशी टोपलीत पडले होते.

फू अंकल दारात येऊन थांबले. ‘आय्या! व्हाय यू टेक ऑफ द रेड?’

‘अंकल, साल...’

‘रेड ऑल गॉन! लेडी वाँट रेड! नाउ लुक लाइक कुकंबर!’

घड्याळात एक वाजून दहा मिनिटे झाली होती. दुसरी जुडी सगळ्या बेटावर मिळण्यासारखी नव्हती. अंकल खुर्चीवर बसले आणि त्यांनी टकलावरून पंचा फिरवला. मी त्या टोपलीकडे पाहत उभा राहिलो, आणि पाहता पाहता मला त्या सालींमध्ये दुसरेच काही दिसू लागले. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, साली. रातांबे फोडल्यावर आपण गर टाकतो आणि साल ठेवतो; रंग सालीत, आंबटपणा सालीत, सगळी दौलत सालीत. कोकमाचे ते लालभडक आगळ कशाचे निघते? सालींचेच ना! मी टोपली उचलली, साली धुतल्या, पातेल्यात दोन मुठी साखर आणि बेताचे पाणी घालून त्या चुलीवर चढवल्या. पाचव्या मिनिटाला पाणी गुलाबी झाले. दहाव्या मिनिटाला ते असे लाल झाले की अंकल खुर्चीवरून उठून आले. मी ते फडक्यातून गाळले, आटवले, आणि त्या काकडीसारख्या दिसणाऱ्या तुकड्यांवर ओतले. तुकड्यांनी तो रंग असा ओढून घेतला, जणू तो त्यांचाच होता. तो त्यांचाच होता! अंकलनी चमचा बुडवला, चाटला, आणि बराच वेळ चमच्याकडे पाहत म्हणाले, ‘क्रेझी.’ मग पुन्हा चमचा बुडवून, ‘बट गुड.’

राहिला भुगा. इथे मी आजच्या बेकरांना, आणि माझ्या नातीला, जी फोनवर बघून असल्या वड्या करते, एक गोष्ट सांगू इच्छितो: तुम्ही ज्याला क्रंब म्हणता, त्याला आमच्या घरात मोहन म्हणत, आणि ते दिवाळीच्या आधी आठ दिवस शंकरपाळ्यांसाठी चोळले जाई. मूठ वळली की मुटका उभा राहायला हवा, आणि त्याला टिचकी मारली की फुटायला हवा. दोहोंपैकी एकच होत असेल तर चूक तुमची. फू अंकलचा लगदा होत होता, कारण लोण्यात पाणी असते, आणि त्या उकाड्यात ते लोणी वितळून पाणी पिठाला धरत होते. मी धावत दोन मजले वगैरे न मोजता घरी गेलो, वहिनी मृणालला न्हाऊ घालत होत्या तेवढ्यात कपाटातून त्यांचा कणीदार साजूक तुपाचा डबा घेतला आणि खाली आलो. अर्धे लोणी, अर्धे तूप. दोन्ही फ्रिजमध्ये घट्ट केलेली. पीठसुद्धा फ्रिजमध्ये. परातीखाली बर्फ. किंचित मीठ, साखर, आणि जायफळ, कारण जायफळाशिवाय गोड पदार्थ माझ्या हातून तेव्हा होत नसे. मग ते माझे थंड हात पिठात गेले. मी आयुष्यात हजारो वेळा पीठ चोळले असेल, पण बोटांच्या टोकांना त्या दिवशी जे ऐकू आले ते पुन्हा तितके स्पष्ट ऐकू आले नाही. पीठ आधी धुळीसारखे, मग ओल्या वाळूसारखे, मग रव्यासारखे, आणि मग एका क्षणी जाड, खडबडीत, वेगवेगळे. मी मूठ वळली. मुटका उभा राहिला. अंकलनी स्वतः टिचकी मारली. तो फुटला. ‘वा!’ असे मी मराठीत ओरडलो, आणि अंकल हाइनानी भाषेत काहीतरी ओरडले, ज्याचा अर्थ वेगळा नसावा.

भट्टीच्या काचेसमोर आम्ही दोघे उकिडवे बसून होतो. खालचा थर दाबलेला, मधे लाल, वर भुगा. कडेने लाल रस बुडबुडू लागला, भुग्याचा रंग गव्हाळ होऊन मग सोनेरी झाला, आणि तूप भाजल्याचा वास आंबट वासात मिसळून असा काही दरवळला की समोरच्या दुकानातली माणसे विचारायला आली. पावणेचारला बाईंची गाडी आली. त्यांनी मोठ्या ट्रेमधली एक वडी तिथेच तोंडात टाकली आणि अंकलचा पिठाळ हात दोन्ही हातांत धरला. अंकलनी माझ्याकडे बोट दाखवले. एवढेच. लहान पत्र्यात उरलेले मिश्रण मी माझ्यासाठी भाजले होते. त्याच्या सोळा वड्या झाल्या.

ते गरम भांडे पंच्यात गुंडाळून मी लिफ्टने नवव्या मजल्यावर गेलो आणि दोन मजले उतरलो, कारण चढताना हात हलतो. दादा एजंटच्या ऑफिसातून आलेला होता. त्याची पिशवी दाराशी भरून तयार होती. वहिनी तुपाचा डबा हातात धरून उभ्या होत्या.

‘भावोजी, यातलं तूप कुठं गेलं?’

‘यात,’ मी म्हणालो आणि पंचा सोडला.

वाफ वर आली. मृणाल टेबलाखालून डोकावून पुन्हा आत गेली. वहिनींनी वास घेतला, आणि तुपाचा राग चेहऱ्यावरून निम्मा उतरला. ‘जायफळ आहे. मधलं हे लाल काय? स्ट्रॉबेरी?’

इथे मी शहाणपणा केला नसता तर बरे झाले असते. पण मी आदल्या दिवशी वाचनालयात जाऊन ज्ञानकोश पाहिला होता, आणि ज्ञान पोटात राहीना. ‘रुबार्ब, वहिनी. आपली रेवाचिनी असते ना, त्याच कुळातली.’

वहिनींचे माहेर काष्ठौषधींच्या दुकानाचे. त्यांनी डबा टेबलावर आदळला. ‘रेवाचिनी? अहो, ऐकलंत का? रेवाचिनी म्हणजे जुलाबाचं औषध! माझे वडील गुंजेनं मोजून द्यायचे! उद्या सकाळी बोटीवर जायचंय यांना!’

‘वहिनी, औषध मुळाचं असतं. हे देठ आहे.’

‘मूळ आणि देठ एकाच झाडाचं ना?’

‘बटाट्याचं मूळ खातो म्हणून कोणी पाला खातं का?’

‘वाद घालू नका भावोजी. सेकंड इंजिनिअर आहेत ते. भर समुद्रात काही झालं म्हणजे?’

दादा टेबलाजवळ आला. तो म्हणाला, ‘इंजिनरूमपासून संडास तीन जिने वर आहे.’ आणि खुर्ची ओढून बसला.

त्याने वडी उचलली. खाल्ली नाही. आधी डोळ्यांसमोर आडवी धरून, एखादे बेअरिंग पाहावे तशी कडेने पाहिली. ‘तिन्ही थर सारखे कसे आले?’

‘खालचा वाटीच्या बुडाने दाबला. वरचा दाबायचा नाही, नुसता सोडायचा.’

‘हा वरचा भाग सुटा राहिलाय. ओला झाला नाही. का?’

‘तूप. लोण्यात पाणी असतं, तुपात नसतं.’

‘कुणी सांगितलं?’

‘कुणी नाही. दिवाळीचं मोहन आठवलं.’

तेव्हा त्याने वडी खाल्ली. मी त्याच्या जबड्याकडे पाहत होतो. मोहनाचा कुरकुर आवाज मला टेबलाच्या या टोकाला ऐकू आला. मग आंबटपणा लागला असावा, कारण त्याची डावी भुवई वर गेली. ती खाली यायला जो वेळ लागला त्यात माझे यार्ड, माझे चिपळूण आणि माझे सगळे उरलेले आयुष्य मी एकदा पाहून घेतले. वडी संपली. त्याने टेबलावर पडलेला भुगा बोटाने टिपला. मग म्हणाला, ‘हात दाखव.’ मी दाखवले. त्याने ते उलटे-सुलटे करून पाहिले, नखांतले पीठ पाहिले, आणि म्हणाला, ‘उद्या तुझ्या त्या अंकलशी बोलतो.’ बस्स. ‘कर बाबा तुला हवे ते’ हे वाक्य त्या घरात त्या दिवशी कोणीही उच्चारलेले नाही. ते मृणालने टेबलाखाली शोधून काढले असावे. आणि हात टेकण्याविषयी म्हणाल तर, ज्या माणसाने बंद पडलेले इंजिन वादळात सुरू केले होते, तो एका पोराच्या हट्टापुढे हात टेकेल असे मानणारांनी दादाला पाहिलेले नाही. त्याने तपासणी केली आणि पास केले.

आंबटपणाविषयी एक. मृणालने स्वतः त्या दिवशी फक्त वरचा भुगा कुरतडून खाल्ला आणि लाल भाग माझ्या चपलेत ठेवला. रुबार्ब तिच्या जिभेला लागलेलाच नाही!

रविवारी सकाळी दादा निघाला. मी त्याची पिशवी घेऊन खाली उतरलो. तो बेकरीत गेला, अंकलशी दहा मिनिटे बोलला, बाहेर आला, माझ्या हातातून पिशवी घेतली आणि टॅक्सीत बसला. काय बोलणे झाले ते दोघांनीही मला कधी सांगितले नाही. परत वर आलो तर मृणाल भोकाड पसरून रडत होती. तिला भुगा हवा होता. फ्रिजमध्ये उरलेल्या बारा वड्यांचा स्टीलचा डबा नव्हता. वहिनी म्हणाल्या, ‘टाकल्या हं बाळ मी चूटमध्ये, बाऊ होता त्यात,’ आणि मला डोळ्याने खूण केली की आता चौकशी नको. पोर गप्प झाले. मृणाल खोटे बोलत नाही, हे मी न्यायाने मान्य करतो. चार वर्षांच्या मुलीला गप्प करण्यासाठी जे सांगितले गेले, तेच ती पन्नाशीत छापते आहे. वहिनी आता कोणाला ओळखत नाहीत; दादा तर आता हयातच नाही. तेव्हा तिला वाटले असेल की साक्षीदार उरला नाही.

माझ्याकडे एक कागद आहे, तो मी आजवर कोणाला दाखवला नव्हता. खऱ्या माणसाने घरच्यांसमोर पुरावे मांडत बसू नये असे माझे मत होते, आणि थोडे असेही होते की तो कागद माझा एकट्याचा राहावा. पण आता छापील अक्षराला छापील उत्तर दिले पाहिजे. बुकित पंजांगच्या या फ्लॅटमध्ये, एलआरटीची छोटी रेल्वेगाडी खिडकीखालून जाते तेव्हा ज्या खणाची कडी थरथरते, त्या खणात एक पोस्टकार्ड आहे. एडनचा शिक्का आहे. अक्षर दादाचे आहे. ज्याला शंका असेल त्याने येऊन त्याच्या जुन्या पत्रांशी ताडून पाहावे. दादाच्या पत्रांत इंजिन आणि हवामान याखेरीज जन्मात काही नसे. या कार्डावर लिहिले आहे:

‘मेन इंजिन ठीक. समुद्र शांत. वड्या कोलंबोच्या आधीच संपल्या. पुढच्या खेपेला दोन डबे करून ठेवणे.’